पेढे मायक्रोस्कोपनंतर

फोन आला तेव्हा रेहानानं केलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मची पट्टी यंत्राच्या जबड्यात होती. नागापूरच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणारा एक कारखाना आहे. पट्टीची दोन्ही टोकं पकडायची, ती हळूहळू ताणायची आणि कधी तुटते ते बघायचं, असं एक यंत्र त्यांच्याकडे आहे. आमच्या कॉलेजात असलं काही नाही. म्हणून रेहानानं गोड बोलून तिथल्या साहेबांकडून परवानगी काढली होती, आणि ती अंथरुणाला खिळल्यापासून तिच्या पट्ट्या घेऊन मी जात होते. ती केमिस्ट्रीची, मी फिजिक्सची मास्तरीण. ताणणं-तुटणं हा तसा माझाच विषय. मोबाईलवर तिच्या मिस्टरांचं, इक्बालभाईंचं नाव दिसलं. "सुजाताताई, रेहाना गेली," एवढंच ते म्हणाले. ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मॅडम, थांबवू का?" थांबव म्हणायचं की चालू दे म्हणायचं, एवढं साधंसुद्धा सुचेना. पट्टी ताणत राहिली, मधोमध पांढुरकी पडली, बारीक होत गेली आणि तुटली. त्यानं आकडा लिहून घेतला. आकडा चांगला आला होता, हे माझ्या डोक्यात शिरायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

तिच्या घरी पोचले तेव्हा अंगणात मांडव घातलेला होता आणि बाहेर चपलांचा ढीग. आत बायकांच्या गराड्यात ती पांढऱ्या कापडात, चेहरा तेवढा उघडा. एवढी बडबडी बाई इतकी गप्प पडलेली मी कधी बघितली नव्हती. श्रीरामपूरहून तिची बहीण आली होती, तिनं मला जवळ ओढून बसवलं. दुपारच्या नमाजानंतर पुरुष मंडळी तिला घेऊन गेली. कब्रस्तानात बायका जात नाहीत, आम्ही सगळ्या घरातच. जाणारा प्रत्येक माणूस तिथं मूठमूठ माती टाकतो म्हणे. शेजारचे पाजारचे, इक्बालभाईंच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं, जे तिच्याशी आयुष्यात चार शब्द बोलले नसतील असे लोकसुद्धा टाकून आले. आणि मी, जिनं तिच्याबरोबर वर्षानुवर्षं मातीच्या बादल्या उचलल्या, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होते. त्यांची रीत त्यांची, मी काही त्यावर बोलत नाही. पण मला त्या दिवशी फार राग आला होता. कुणावर ते विचारू नका, कारण मलाच सापडलं नाही.

आमची ओळख बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची. नगरच्या लेडीज होस्टेलवर मी शेवगावहून गाठोडं घेऊन आले आणि खोलीत बघते तर एक मुलगी खाटेवर उभी राहून पंख्याला काठी मारत होती. "याला मारल्याशिवाय हा फिरत नाही," ती म्हणाली, "तू कोण?" ही रेहाना. मी पहिल्यापासून तापट, शब्दाला शब्द लावणारी. ती माझ्या दुप्पट बोलायची, पण चिडायची नाही, त्यामुळं भांडण एकटीनंच करावं लागायचं. स्वयंपाकात तर आनंदीआनंद. होस्टेलच्या स्टोव्हवर तिनं केलेलं पिठलं मी एकदाच खाल्लं, त्यात लिंबाएवढ्या गुठळ्या. पुढं हीच बाई प्रयोगशाळेत पॉलिमरची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची, पांढरी पूड गरम पाण्यात अशी चिमटीचिमटीनं सोडायची की एक गुठळी दाखवून द्या. मी म्हणायचे, "अगं बये, हेच जरा घरी करत जा की, इक्बालभाईंना जेवण तरी मिळेल." ती म्हणायची, "इक्बालनं लग्न माझ्याशी केलंय, पिठल्याशी नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसायची, तेही इतकं की आजूबाजूचे बघायला लागायचे. नंतर दोघींना एकाच कॉलेजात नोकरी लागली, स्टाफरूममध्ये टेबलाला टेबल. घरच्यांपेक्षा जास्त आयुष्य तिच्याबरोबर गेलं माझं.

त्या मातीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते आमच्या शेवगावच्या रानात. एका वैशाखात ती माझ्याबरोबर माहेरी आली होती. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो, आणि पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा मिटवून टाकते. रेहानाचा पाय भेगेत गेला, चप्पल आतच राहिली. माझा थोरला भाऊ, दादा, धावत आला तर ही तिथंच मांडी घालून बसलेली, भेगेच्या कडेचं ढेकूळ फोडून बघत होती. "सुजी, ही माती का फुगते, माहिती आहे तुला?" म्हटलं, "आधी चप्पल काढ." तिला कुठली चप्पल दिसायला! या मातीचा बारीकातला बारीक कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चवड असते, तव्यावरून काढून एकावर एक ठेवलेल्या भाकरींसारखी. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं, चवड फुगते. ती म्हणाली, पाण्याऐवजी आपण प्लॅस्टिकचे धागे शिरवले तर? चवड पार मोडून पापुद्रे सुटे सुटे झाले आणि त्या प्लॅस्टिकमध्ये पसरले तर ते प्लॅस्टिक किती मजबूत होईल, आणि हवा-पाणी त्यातून जायला किती वेळ लागेल! जगात हे पुष्कळांनी करून ठेवलंय, पण ते विकतची, शुद्ध केलेली चिकणमाती वापरतात. तिला आमच्या रानातलीच पाहिजे होती. दादा म्हणाला, "ताई, माती कशाला न्हेताय? कांदं न्ह्या, लिंबं न्ह्या." तरी त्यानं पोतं भरून दिलं आणि एसटीच्या टपावर चढवलं. वर मला बाजूला घेऊन विचारलं, "सुजे, तुझी मैत्रीन बरी हाय ना?"

रानातली माती म्हणजे काही नुसती चिकणमाती नव्हे. त्यात चुनखडी, लोखंड, कुजलेली मुळं, खत, काय काय. ते सगळं काढायचं म्हणजे बादल्याच्या बादल्या पाण्यात ढवळायच्या, जड ते खाली बसू द्यायचं, वरचं गढूळ पाणी नळीनं ओढून घ्यायचं, पुन्हा ढवळायचं, पुन्हा थांबायचं. केमिस्ट्रीची लॅब वीटभट्टीसारखी दिसायला लागली. शिपाई वैतागले, प्राचार्य येऊन नाक मुरडून गेले. शेवटी हाताला येते ती साबणासारखी मऊ, राखाडी लगदी. ती पाण्यात सोडायची, पॉलिमरच्या द्रावणात घालायची, बारीक गुणगुणणाऱ्या एका यंत्रात त्या द्रावणाची भांडी ठेवायची म्हणजे आवाजाच्या धक्क्यानं कण सुटतात, मग काचेच्या बशीत ओतून मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवायचं. वाळलं की ब्लेडनं कड सोडवून फिल्म काढायची. कांद्याच्या पातीचा पापुद्रा काढतात तशी निघायची, आरपार दिसणारी, किंचित चहाच्या रंगाची. रेहाना ती खिडकीशी धरून बघायची. बुडबुडा दिसला की टाकून द्यायची. बुडबुडा नसला की मला हाक मारायची, "सुजी, ये, बघ तरी!" मी तास सोडून जायचे आणि वर चिडायचे. पण जायचे.

आता तो पेढ्यांचा किस्सा सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पापुद्र्यांची चवड शाबूत आहे की मोडली, हे डोळ्यांनी दिसत नाही. फिल्मवर क्ष-किरण सोडले की आलेख निघतो. चवड असेल तर आलेखात एक शिखर येतं. पॉलिमर मधे शिरला की शिखर डावीकडे सरकतं, आणि चवड पूर्ण मोडली की शिखर नाहीसं होतं, नुसती सपाट रेघ राहते. म्हणजे या धंद्यात काहीच न दिसणं हे यश! शेवगावच्या मातीच्या पहिल्या फिल्मचा आलेख पुण्याच्या एका संस्थेतून आला तो सपाट. रेहाना लॅबमध्ये नाचली हो, अक्षरशः नाचली. मीच पळत जाऊन पेढे आणले. स्टाफरूममध्ये वाटले, प्राचार्यांच्या तोंडात घातला, मातीच्या बादल्यांना शिव्या देणाऱ्या शिपायांनासुद्धा दोन दोन दिले. पुढं काही दिवसांनी त्याच फिल्मचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले. बघितलं तर सगळ्या गुठळ्याच गुठळ्या. चवडी जशाच्या तशा एकमेकींना चिकटून बसलेल्या. माती इतकी थोडी घातली गेली होती आणि ती इतकी वेडीवाकडी पडली होती की क्ष-किरणांना शिखर दिसलंच नव्हतं. शिखर गेलं नव्हतं, फक्त दिसत नव्हतं.

मी म्हटलं, गप बसू या, कुणाला कळतंय. रेहाना ऐकणारी थोडीच! स्टाफरूममध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी परवा पेढे खाल्ले, त्यांनी कृपा करून ते विसरून जावे. आम्ही चुकलो." सगळे हसले. ती पण हसली, पण खुर्चीत बसल्यावर तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. तेव्हापासून तिनं नियमच केला. सोनाली म्हणून तिची एक संशोधक विद्यार्थिनी आहे, तिनं कुठलाही आलेख आनंदानं आणून दाखवला की रेहाना म्हणायची, "छान. पेढे मायक्रोस्कोपनंतर." लॅबमध्ये ते इतकं रुळलं की कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले, पसंती कळवतो म्हणाले, तरी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचंच, पेढे मायक्रोस्कोपनंतर.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. त्या दिवसांचं मला नीट सांगता येत नाही... ऑपरेशन, पुण्याच्या फेऱ्या, केमो, केस गेले, तोंडाची चव गेली. ती मात्र सलाइन लावलेल्या हातानं सोनालीच्या प्रबंधावर लाल रेघा ओढायची. एकदा मी शेजारी बसून उगाच काहीतरी धीराचं बोलत होते. मला ते जमत नाही, माझं तोंड धीर देण्यासाठी घडवलेलंच नाही. ती म्हणाली, "सुजी, आपल्या फिल्ममधले पापुद्रे काय करतात? पाण्याला अडवतात का?" म्हटलं, नाही. "मग? लांबून जायला लावतात. सरळ जाणारं पाणी वळसे घेत घेत जातं, उशिरा पोचतं. ही औषधं पण तेवढंच करतात. पोचणार ते पोचणारच." मी तिला एवढी झापली, एवढी झापली की नर्स आत आली. आत्ता वाटतं, ती मला काहीतरी सांगत होती आणि मला ऐकायचं नव्हतं.

केमो संपल्यावरच्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. रिपोर्ट स्वच्छ. इक्बालभाई मोटारसायकलवरून पेढ्यांचे खोके घेऊन आले, गल्लीत, दुकानात, आमच्या कॉलेजात, जिथं जिथं तिचं नाव ठाऊक होतं तिथं त्यांनी पेढे वाटले. मी घरी गेले तर रेहाना डोक्याला ओढणी गुंडाळून पलंगावर बसलेली, हातात पेढा. खात नव्हती. माझ्याकडे बघितलं तिनं. "सुजी, शिखर दिसत नाही म्हणे." मी म्हटलं, "गप बस. तोंडात घाल तो." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणते? पण मायक्रोस्कोप लावलाय कुठं कुणी?" इतक्यात इक्बालभाई पाणी घेऊन आत आले. तिनं पटकन पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "वा! कुठून आणलेस?" त्या माणसाचा चेहरा असा काही फुलला की मला तिथं बसवेना. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघींनाही काही करता येत नव्हतं.

पुढं वर्षभरात ते परत आलं, यकृतात, मणक्यात. डॉक्टर आता फार बोलत नसत. त्या काळात तिनं शेवगावच्या मातीची शेवटची फिल्म केली. केली म्हणजे खुर्चीत बसून करून घेतली. या खेपेला माती आधी मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतलेली, कारण त्याशिवाय पापुद्रे एकमेकांना सोडत नाहीत हे तिला इतक्या वर्षांत उमगलं होतं, आणि मातीचं प्रमाणही असं की शिखर असेल तर ते दिसायलाच हवं, लपायला जागा नको. सोनालीनं ढवळलं, मी ओतलं, ती नुसती "हळू... हळू गं..." म्हणत राहिली. फिल्म निघाली तेव्हा तिला खिडकीशी उभं राहवेना, म्हणून मीच ती उजेडात धरून तिच्या डोळ्यांसमोर नेली. एकही बुडबुडा नव्हता. ती म्हणाली, "सुजी, हिचं काय आलं ते मला कळलं पाहिजे. चांगलं-वाईट काही असो. मला कळलं पाहिजे." तिनं माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. एवढंच मागितलं.

आणि तेवढंच मला देता आलं नाही. पुण्याच्या संस्थेत तुकडा नेऊन दिला तर क्ष-किरणांची नळी बिघडलेली. नवी यायची होती. आली तर ती बसवणारा माणूस यायचा होता. तो येऊन गेला तर आमच्या आधी लागलेली लांबलचक रांग होती. मी फोन करायचे, चिडायचे, हात जोडायचे, एसटीनं जाऊन दारात उभी राहायचे. तिथली माणसं चांगली होती हो, वाईट वागलं नाही कुणी. "मॅडम, नंबर आला की लगेच करतो," म्हणायची. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचंच काहीतरी अडलेलं असतं. दुसरीकडे चौकशी केली, तिकडेही तीच गत. संध्याकाळी रेहानाकडे जायचे. आवाज खोल गेलेला, डोळे मात्र दाराकडे. "काय आलं?" म्हटलं, "मशीन बंद आहे गं." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काय आलं?" "रांग आहे." एकदा इक्बालभाई मला बाहेर घेऊन गेले. दुकानातून तसेच आले होते, हाताला ग्रीस. म्हणाले, "सुजाताताई, एक काम करा ना. सांगा की चांगलं आलंय. तिला शांत वाटेल. आता कोण तपासायला बसलंय?" मी म्हटलं, "इक्बालभाई, ती आलेख दाखव म्हणेल." ते म्हणाले, "तर मग एखादा जुना दाखवा." तो जुना सपाट आलेख माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता की! पेढ्यांच्या वेळचा. मी तो पर्समध्ये घातला, तिच्या घरी नेला. "काय आलं?" तिनं विचारलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अजून नाही आलं." तिनं डोळे मिटून मान हलवली. माझा हात हातात घेतला होता, तो तसाच धरून ठेवला. मी बरोबर केलं की त्या बिचारीचं शेवटचं समाधान हिरावून घेतलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला येत असेल तर ठरवा.

ती गेल्यावर काही दिवसांनी दादा आला शेवगावहून. टेम्पोत पोतं. बातमी मी त्याला फोनवर सांगितली होती, तरी पोतं घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "ताई म्हनली हुती, भेगा पडल्यावरची माती काढ, खालच्या अंगची. औंदा लई लवकर भेगा पडल्या. काढून ठिवली हुती... तिचीच हाय, म्हनून आनली. तिकडं ठिवून तरी काय करू?" माझ्या या भावाला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून पोतं लॅबमध्ये नेलं. जे शिपाई बादल्यांच्या नावानं बोटं मोडायचे, त्यांनीच हात लावला. पोतं अजून तिथंच आहे, तिच्या टेबलाखाली.

आलेख आला तो त्याच आठवड्यात. सोनाली कॉरिडॉरमधून पळत आली, ओढणी एकीकडे, मोबाईल पुढं धरलेला. "मॅडम, शिखर गेलं! बघा, सपाट!" मी बघितलं. खरंच, काही नव्हतं. सरळ, स्वच्छ रेघ. पोरीचे डोळे भरून आले होते, ती हसत पण होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कळेना ही काय वाट बघतेय. मग लक्षात आलं. ते वाक्य म्हणणारी बाई आता नव्हती, आणि ते कुणीतरी म्हणायला तर हवं होतं. मी म्हणाले, "छान. पेढे..." आणि पुढचा शब्द निघेना. सोनालीनंच तो पुरा केला. मग आम्ही दोघी लॅबमध्ये, नळ गळत असलेल्या त्या सिंकपाशी, हमसून हमसून रडलो. मायक्रोस्कोपसाठी तुकडा पाठवलाय. तिथंही रांग आहे. या वेळी जे येईल ते मी सांगेन, पण ऐकणारं कुणी नसेल.

परवा इक्बालभाई कॉलेजात आले, तिच्या वस्तू न्यायला. पांढरा कोट, चष्म्याचं घर, चहाचा कप. टेबलावर जाड काचेचं झाकणाचं भांडं होतं. त्यात फिल्म ठेवतात, दमट हवा लागू नये म्हणून. तळाशी निळे मणी असतात. ओल शोषून शोषून ते गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचे. हे काम रेहाना रोज सकाळी आल्या आल्या करायची, पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी मणी बघायची. आजकाल मी करते. फिजिक्सच्या डिपार्टमेंटला जायच्या आधी इकडंच येते. इक्बालभाई झाकण उचलायला गेले, उचलेना. कडेला ग्रीस लावलेलं असतं ना, घट्ट बसतं. एवढ्या मोटारी खोलणारा माणूस, पण ते झाकण त्यांना उघडता येईना. म्हटलं, "उचलायचं नाही, सरकवायचं. असं." उघडलं. आत ती फिल्म, आम्ही कापून घेतलेल्या तुकड्यांनंतर उरलेली. त्यांनी बोट लावलं नाही. वाकून बघत राहिले. मग विचारलं, "हीच का ती? काय आलं हिचं?"

मी सांगितलं, पहिलं चांगलं आलंय, दुसरं यायचंय. त्यांनी मान हलवली. कोट हातावर घडी करून घेतला. मग जरा अडखळत म्हणाले, "मी दर शुक्रवारी कब्रस्तानात जातो तिच्याकडे, फातेहा वाचायला. बसतो थोडा वेळ. बोलतो... ती रोज विचारायची ना तुम्हाला. उद्या शुक्रवार आहे. काय सांगू तिला?"

मी झाकण परत सरकवून बसवलं. मणी निळे होते. म्हटलं, "सांगा, शिखर दिसत नाही म्हणून. आणि म्हणावं, सुजीनं पेढे आणलेले नाहीत."